दोराचं दुसरं टोक

माझ्या धाकट्या दिरांना अख्खं कॉलेज बाणमास्तर म्हणायचं आणि भाऊजींना त्याचा राग येत नसे, उलट बरं वाटायचं. ते अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत. फळ्यावर एक चौकोन काढायचा, त्याला चारी बाजूंनी बाण जोडायचे आणि मग एखाद्या पोराला उभं करून त्याची सालटी काढायची, असा त्यांचा तास चाले. सगळी नोकरी त्यांनी हेच केलं.

त्या चौकोनाचं शास्त्र मला तोंडपाठ आहे. मी काही शिकलेली नाही, पण वरच्या मजल्यावर भाऊजी आणि खाली आम्ही, आणि जेवायला ते खालीच. जेवताना दुसरा विषय नसायचा. त्याला फ्री बॉडी डायग्राम असं भारदस्त नाव आहे. जगातली कुठलीही एक वस्तू घ्यायची. तिच्या आजूबाजूचं सगळं पुसून टाकायचं, टेबल, भिंत, माणसं, सगळं. मग त्या एकट्या पडलेल्या वस्तूवर कोण कोण जोर लावतंय तेवढेच बाण काढायचे. वस्तू दुसऱ्याला काय करते ते इथे काढायचं नाही. ती कुठून आली आणि तिचं काय होणार, तेही नाही. आणि प्रत्येक बाणाला मालक पाहिजे. 'हा बाण कोणाचा?' असं भाऊजी विचारत. पृथ्वीचा, टेबलाचा, दोराचा, हाताचा, काहीतरी सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर तो बाण खोटा, पुसा. हे शास्त्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. पूल त्याच्यावरच उभे राहतात म्हणे. पण काही माणसांच्या हातात चांगली सुरी दिली तरी ती भाजी सोडून दुसरंच काहीतरी कापतात.

एकदा एका मुलीने वर फेकलेल्या चेंडूचं चित्र काढलं आणि चेंडूवर वरच्या दिशेने एक बाण काढला.

"हा कोणाचा?"

"हाताचा, सर."

"हात कुठे आहे आता?"

"खाली राहिला, सर."

"खाली राहिलेला हात वरच्या चेंडूला ढकलतो? अरे वा. बघू तरी."

भाऊजींनी टेबलावर चेंडू ठेवला आणि तिला वर्गाच्या दुसऱ्या टोकाला हात पुढे करून उभं केलं. 'ढकल. थांबू नकोस, ढकल.' तास संपेपर्यंत ती तशीच उभी आणि वर्ग खिदळतोय. ती पोर महिन्याभरात कॉमर्सला निघून गेली. भाऊजी हा किस्सा जेवताना रंगवून सांगत आणि सांगता सांगता ताट पुढे करून आणखी वाढून घेत.

घरातही तेच. सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, माकडहाड मोडलं, बिचाऱ्या ओरडत होत्या. भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, "आई, ओल्या फरशीवर घर्षण कमी पडतं. त्यात तू पाऊल लांब टाकलंस." सासूबाईंनी त्या अवस्थेत त्यांना जी शिवी हासडली ती मी इथे लिहीत नाही, पण आमच्या दोघींचं पूर्ण एकमत झालं असा तो एकच प्रसंग. भाऊजींची बायको वर्षभरही टिकली नाही. एके दिवशी बॅग उचलून माहेरी गेली ती गेलीच. भाऊजी कितीतरी दिवस शोधत होते की तिला ओढलं कोणी. तिची आई, तिची बहीण, शेजारीण, की आणखी कोणी? कोणी ओढल्याशिवाय वस्तू जागची हलेल कशाला, असं त्यांचं म्हणणं. ढकलल्यावरही वस्तू हलते, हे रोज वर्गात घोकून घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात काही ते आलं नाही.

माझा नवरा त्यांचा मोठा भाऊ. हे उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरल्याने काय काय सोसलं ते मी सांगत बसणार नाही, निम्म्या घरांत तेच असतं. एवढंच सांगते की ह्यांना आपल्या भावाचं भारी कौतुक होतं. भाऊ बोलायला लागला की हे तोंडातला घास चावायचे थांबत. एक शब्द कळायचा नाही, पण मान अशी डोलवायचे की बघणाऱ्याला वाटावं, सगळं ह्यांनीच शोधून काढलंय.

आता ह्यांच्या कामाची तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बसायला एक लाकडी पाट. पाटाला दोर बांधलेला. तो दोर वर गच्चीच्या तुळईला टांगलेल्या कप्पीवरून जातो आणि त्याचं दुसरं टोक खाली परत बसलेल्या माणसाच्या हातात येतं. माणूस स्वतःच दोर ओढतो आणि स्वतःच वर चढतो. रंगाऱ्यांना हे सवयीने जमतं. म्हणजे माणसाला वर धरून ठेवायला दोराच्या दोन बाजू असतात, एक पाटाची आणि एक हातातली, आणि निम्मं निम्मं वजन दोघींवर येतं. जागेवर पोचलं की दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून हातातलं टोक पाटालाच बांधून टाकायचं. तरीही दोराच्या बाजू दोनच राहतात आणि वजन निम्मं निम्मंच वाटलं जातं.

त्या दिवशी वारा होता. पाट भिंतीपासून लांब झुलायचा आणि ब्रश पोचायचा नाही. तेव्हा ह्यांनी दोराचं टोक पाटाला न बांधता समोरच्या खिडकीच्या गजाला बांधलं. त्यामुळे पाट भिंतीजवळ राहतो. वारा असला की सगळेच रंगारी असं करतात. दोर धड असला की काही होतही नाही, म्हणून तर करतात. पण ठेकेदाराचा दोर धड नव्हता. उन्हापावसात पडून तो वाळून पिवळा पडला होता आणि हातात धरला की त्याचा भुसा तळव्याला लागायचा. ह्यांनी आणि ह्यांच्या कामावरच्या जोडीदाराने मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. मुकादम म्हणाला, हे काम उरकू दे, पुढच्या कामाला नवा आणू. दोर कप्पीजवळ तुटला आणि माझा नवरा पाटासकट, रंगाच्या डब्यासकट खाली आला.

जोडीदार गच्चीवरून धावत खाली आला. येता येता त्याने जिन्यातल्या त्या खिडकीतून हात बाहेर घालून गजाची गाठ सोडली आणि दोर खाली टाकून दिला. का, तर ठेकेदाराची माणसं ती गाठ बघतील आणि सगळं ह्यांच्यावर ढकलतील. आणि ठेकेदाराच्या माणसांनी काय केलं? तो कुजका दोर कोणी बघू नये म्हणून सगळे तुकडे गोळा करून गायब केले. दोन्ही बाजूंनी साफसफाई झाली. माझा नवरा तेवढा फरशीवर पडून होता.

ह्यांची कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, मोठं ऑपरेशन झालं तर काठी घेऊन चालतील, नाही झालं तर पलंगावरच. ते ऑपरेशन आमच्या आवाक्यातलं नव्हतं. कामगारांच्या कार्यालयात अर्ज केला. सुनावणीत चूक ठेकेदाराची ठरली तर ऑपरेशनचा खर्च त्याने करायचा आणि ह्यांना गोदामात बसून करायचं काम द्यायचं. चूक ह्यांची ठरली तर काहीच नाही. म्हणजे माझा नवरा उभा राहणार की नाही हे त्या सुनावणीवर होतं. दोर कुजका होता असं जोडीदार सांगणार होता. गाठीबद्दल कोणी विचारणार नव्हतं, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. कोणी ह्याला लबाडी म्हणो. माझा नवरा कूससुद्धा बदलू शकत नव्हता, तेव्हा मला कोणाच्याही नीतिमत्तेशी देणंघेणं नव्हतं.

भाऊजी दवाखान्यात आले ते वहीपेन्सिल घेऊनच. स्टूल ओढून बसले. "दुखतंय का?" नाही, की "जेवलास का?" नाही.

"दादा, दोराचं दुसरं टोक कुठे होतं?"

ह्यांनी सगळं सांगितलं. गज, गाठ, वारा, काही राखून ठेवलं नाही. सख्ख्या भावाला काय लपवायचं? भाऊजींनी तिथल्या तिथे चौकोन काढला, बाण काढले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईला वाटलं, रिपोर्ट चांगला आला.

"दुप्पट!" ते म्हणाले. "दादा, ताण बरोब्बर दुप्पट झाला. काय सुंदर उदाहरण आहे!"

हे हसले. भाऊ खूश झाला म्हणून हसले. आमची पोर पायथ्याशी उभी होती, तिने वाकून ते चित्र बघितलं. ती अकरावीला, काकांच्याच वर्गात. घरात शिकवतात म्हणून वर्गात तिला सूट नव्हती, उलट जास्तच. पण पोरीचं डोकं चांगलं. बाणाचा मालक कोण, ते काकांनी विचारायच्या आत सांगायची. मी भाऊजींना जिन्यात गाठून म्हटलं, "हे कुठे बोलू नका हं. गाठीचं." ते म्हणाले, "मी कशाला कोणाला सांगू?" आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं असणार. परीक्षेचा पेपर काढणं म्हणजे कोणाला सांगणं, असं त्यांच्या हिशोबात बसतच नव्हतं.

त्यांची एक पद्धत होती. सहामाहीच्या पेपरातला शेवटचा प्रश्न नेहमी खऱ्या घडलेल्या गोष्टीवर. ट्रक उलटला, पाण्याची टाकी कलंडली, कोणाचा जिना कोसळला, की भाऊजी त्याचं गणित करत. पोरांना बाहेरचं जग कळतं म्हणे. आणि त्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर नावासकट प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर लावायचं, म्हणजे बाकीच्यांना लाज वाटते.

तो प्रश्न मी नंतर वाचला. एक रंगारी पाटावर बसला आहे. पाटाचा दोर कप्पीवरून येऊन त्याच्या हातात आहे. रंगाऱ्याने ते टोक खिडकीच्या गजाला बांधले आणि थोड्याच वेळात दोर तुटला. दोन्ही वेळच्या आकृत्या काढा. दोर तुटण्यास जबाबदार कोण, कारणासह लिहा. दहा गुण.

माझी पोर परीक्षेला बसलेली आणि समोर हा प्रश्न. मी तिला नंतर विचारलं, अगं, तुझा हात चालला कसा? ती म्हणाली, "आई, आधी डोळ्यांसमोर अंधारी आली. मग मी काका सांगतात तसं केलं. आजूबाजूचं सगळं पुसून टाकलं. मग फक्त चौकोन राहिला. मग सोपं होतं." तिने पहिल्या चौकोनावर वर जाणारे दोन बाण काढले, एक पाटाच्या दोराचा, एक हातातल्या दोराचा, आणि खाली जाणारा एक, पृथ्वीचा. दोघांत निम्मं निम्मं. दुसऱ्या चौकोनावर वर जाणारा एकच बाण राहिला, सगळं वजन त्या एकट्यावर. ताण दुप्पट. आणि खाली स्वच्छ अक्षरात वाक्य: 'टोक गजाला बांधल्यामुळे दोर तुटला, म्हणून रंगारी जबाबदार.' पोरीला गणित आलं आणि आलेलं गणित सोडवताना जो आनंद होतो तो तिला झाला. तो आनंद झाला हेच तिच्या जिवाला लागलं. मला तिचा राग आला नाही. राग आला तो तिला असा आनंद शिकवणाऱ्याचा, आणि तो अजून आहे.

अख्ख्या वर्गात तेवढं एक उत्तर बरोबर आलं. दहापैकी दहा. भाऊजींनी ते फलकावर लावलं आणि त्या दिवशी जेवताना पोरीच्या पाठीवर थाप मारली. मी विचारलं, काय झालं? तर पोर ताटावरून उठून गेली. भाऊजी म्हणाले, "लाजते."

मुकादमाचा मुलगा त्याच वर्गात होता. त्याला प्रश्न सुटला नव्हता, त्याने फलकावरचं उत्तर उतरवून घरी नेलं आणि बापाला दाखवलं. अहो, अभ्यास म्हणूनच दाखवलं असेल. बापाने मात्र तो कागद जपून ठेवला.

सुनावणी एका अरुंद खोलीत झाली. पंखा होता, पण फिरताना असा खडखडायचा की साहेब मधूनमधून तो बंद करवत आणि सगळे घामाघूम झाले की पुन्हा लावायला सांगत. ह्यांना दोघांनी उचलून बाकावर आडवं ठेवलं होतं. जोडीदाराने आपलं सांगितलं. दोर जुना होता, दोनदा तक्रार केली होती. साहेब लिहून घेत होते आणि मान हलवत होते. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात गोदामातली खुर्चीसुद्धा बघून घेतली.

मग ठेकेदाराचा वकील उठला आणि त्याने विचारलं, "दोराचं टोक कुठे बांधलं होतं?"

जोडीदाराने ह्यांच्याकडे बघितलं. वकिलाने कागद काढला. नुसती मुलाने उतरवलेली प्रत नाही, कॉलेजातून रीतसर मागवून आणलेला मूळ उत्तराचा कागद, वर माझ्या पोरीचं नाव.

"ही मुलगी कोणाची?" साहेबांनी नाव मोठ्याने वाचून विचारलं.

"माझी," हे बाकावरून म्हणाले. त्यांना अजून कळलंच नव्हतं, नाव ऐकून त्यांना अभिमान वाटला होता. मी आवाजावरून ओळखलं.

जोडीदाराला आडवंतिडवं विचारल्यावर गाठ सोडल्याचं त्याने कबूल केलं. पुरावा लपवला म्हणून त्याचं काम तिथल्या तिथे गेलं. मग साहेबांनी भाऊजींना बोलावलं, कारण ते मागच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि प्रश्न त्यांनीच काढला होता.

"हे उत्तर बरोबर आहे का, सर?"

मी त्यांच्याकडे बघत होते. पोर बघत होती. मोठा भाऊ मान वाकडी करून बघत होता. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, चांगला दोर असे दहा रंगारी उचलतो, दुप्पट झालं म्हणून तो तुटत नसतो. भाऊजींना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? फिजिक्सच्या माणसाला हे ठाऊक नसेल तर काय ठाऊक असेल?

"दहापैकी दहा दिलेत मी," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात पोर उठली. "काका, दोर नवा असता तर?"

साहेबांनी पंखा बंद करायला सांगितला.

"नवा असता तर तुटला नसता," भाऊजी म्हणाले. मी बाकावरून अर्धी उठले. पण ते थांबले नाहीत. "पण प्रश्नात दोराचं वय दिलेलं नाही. जे दिलेलं नाही ते उत्तरात आणायचं नसतं. कितीदा सांगितलंय तुला?"

वकील म्हणाला, दोर कुठे आहे? दाखवा ना जुना दोर. दोर नव्हता. साहेबांनी निकाल दिला, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात. बाहेर आल्यावर मी भाऊजींना म्हटलं, "तुम्ही भावाला मारलंत." ते खरोखर गोंधळले. "वहिनी, मी खोटं काय बोललो ते सांगा." आणि मला ते सांगता आलं नाही. हे त्यांचं कायमचं होतं, ते खोटं कधीच बोलत नसत.

मला वाटलं होतं, निदान आता तरी ह्यांना भावाचा राग येईल. पलंगाला खिळलेल्या माणसाला राग फार उपयोगी पडतो, त्याच्यावर दिवस निघतात. पण ह्यांनी काय करावं? भावाला बोलावून म्हणाले, "मला ते चित्र समजावून सांग. नक्की काय झालं ते मला कळू दे."

भाऊजी रोज संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणावर ओरडले नाहीत. चौकोन काढत, बाण काढत, विचारत, "हा कोणाचा, दादा?" हे सांगत, "पृथ्वीचा." "आणि हा?" "दोराचा." चुकलं तर पुन्हा. इतक्या प्रेमाने त्यांनी दुसऱ्या कोणाला शिकवलं नसेल, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि हातातलं भांडं डोक्यात घालावंसं वाटत होतं. एके दिवशी हे एकदम म्हणाले, "म्हणजे हात काढला की एक बाण गेला. सगळं त्या एकावर आलं."

"शाबास, दादा! पोरांना हे कळायला वर्ष जातं."

"म्हणजे माझंच चुकलं."

"हो ना," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर हे बदलले. दोराचं नाव काढेनात. शेजारी कोणी ठेकेदाराला शिव्या घातल्या तर ह्यांना आवडायचं नाही. म्हणायचे, त्यांची काय चूक, मी बांधला ना तिकडे. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या धुताना मी रडले तर मलाच समजावायचे. बरोबरच आहे हे सगळं, हिशोब बरोबर आहे. वेदना झाल्या तरी ओठ आवळून घ्यायचे, चूक केलेल्या माणसाने कण्हू नये अशा थाटात. आधी त्यांची फक्त कंबर मोडली होती.

आणि मग जोडीदार आला. काम गेल्यापासून तो मिळेल ते करत होता, मालाच्या गाड्या उतरवायच्या, खड्डे खणायचे. घामेजलेला, धापा टाकत दारात उभा. हातात पिशवी. पिशवीतून त्याने दोराचा तुकडा काढला, पिवळा, टोकाला फिसकटलेला.

"ठेकेदाराच्या गोदामामागे कुंपणाचं दार ह्या दोराने बांधलं होतं," तो म्हणाला. "मी लगेच ओळखला. हा बघ आपला रंग लागलाय, तो पांढरा आणि त्याच्यावर तुझ्या डब्यातला निळा. दोन माणसांसमक्ष सोडून आणलाय. वरच्या कार्यालयात अपील करता येतं अजून, मी विचारून आलो. मुदत आहे. तुझी सही पाहिजे फक्त."

मी म्हटलं, बसा, आणि पाणी द्यायचंच विसरले. पोर अर्ज लिहायला कागद शोधायला धावली. भाऊजी पलंगाच्या कडेला पेन्सिल घेऊन बसलेच होते, रोजच्यासारखे.

हे दोराकडे बघतही नव्हते. "नको रे," म्हणाले.

"नको काय? अरे, ऑपरेशन होईल तुझं! चालशील तू!"

"चूक माझी आणि भरपाई दुसऱ्याकडून मागू? आधीच माझ्यापायी तुझं काम गेलं." त्यांनी पडल्या पडल्या जोडीदाराला हात जोडले. "मला माफ कर."

जोडीदाराला काय करावं ते कळेना. तो माझ्याकडे बघायला लागला. पोर कागद घेऊन आली ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, ते उत्तर अपुरं आहे. मी अर्धंच लिहिलं होतं. दोर किती सहन करतो ते लिहिलंच नाही मी. सही करा ना, बाबा."

ह्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अपुरं कसं? दहापैकी दहा मिळालेत तुला. काकांना विचार."

पोरीने काकांकडे बघितलं. भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. "दिलेल्या प्रश्नापुरतं पूर्ण आहे," ते म्हणाले.

मी जोडीदाराच्या हातातून तो दोर घेतला. एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं दोन्ही मुठींत धरलं आणि ह्यांच्या डोळ्यांसमोर जीव खाऊन वर ओढलं. मधोमध तुटला. भुसा ह्यांच्या चादरीवर पडला. माझ्यासारख्या बाईच्या हातांनी तुटला, आणि त्याच्यावर ह्यांना आभाळात टांगलं होतं. मी तुटलेली दोन्ही टोकं ह्यांच्या नाकासमोर धरली आणि म्हटलं, "आता बोला."

ह्यांनी चादरीवरचा भुसा हाताने झटकला.

"तू फार जोरात ओढलंस," माझा नवरा म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.